मोटारीतील बालकाचे आसन : विज्ञान आणि कायदा

बेंगळुरूच्या पश्चिम भागातील राजाजीनगर ही वसाहत स्वतंत्र भारताचे एकमेव भारतीय गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी ह्यांचे नाव धारण करते. तिचे रस्ते आखले गेले त्या काळी मोटार ही थोडक्यांची चैन होती. आज तेथील पुष्कळ घरांच्या फाटकाशी मोटार उभी असते. अशाच एका घरातील मराठी कुटुंबाची कल्पना करू. बाळ सहा महिन्यांचे झाले आहे, वजन आठ किलो भरले आहे, आणि त्याचे उष्टावण आजोळी, कोल्हापुरास, व्हावयाचे आहे. पहाटे निघून तुमकूर रस्त्यास लागावयाचे, आणि चित्रदुर्ग, दावणगेरे, हुबळी, बेळगाव असे करीत दिवेलागणीपूर्वी पोहोचावयाचे असा बेत ठरतो. सामान भरले जाते, आणि अखेरीस आजी दुपट्यात गुंडाळलेले बाळ मांडीवर घेऊन मागील आसनावर बसते. घरातील कोणासही ह्यात काही वावगे वाटत नाही. आजीच्या मांडीपेक्षा अधिक सुरक्षित जागा पृथ्वीच्या पाठीवर दुसरी कोणती असणार, अशीच सर्वांची समजूत असते.

ही समजूत घरात खरी आहे. चालत्या मोटारीत ती खरी नाही. ह्याचे कारण प्रेमाच्या कमीअधिकपणात नसून गतिशास्त्रात आहे.

मोटार ताशी ३६ किलोमीटर वेगाने चालली आहे असे धरू. राजाजीनगरच्या डॉ. राजकुमार रस्त्यावर रहदारी विरळ असेल तर एवढा वेग सहज येतो. महामार्गावर तो कोणी वेग म्हणूनही मोजीत नाही. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदास १० मीटर. ही मोटार एखाद्या भिंतीवर आदळली आणि तिचा पुढचा भाग अर्धा मीटर चेपून ती थांबली, तर वेगाच्या वर्गास अंतराच्या दुपटीने भागले असता मंदन निघते : १०० भागिले १, म्हणजे प्रतिसेकंद प्रतिसेकंद १०० मीटर. हे गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाच्या सुमारे दहापट होय. सारा प्रकार सेकंदाच्या दहाव्या भागात आटोपतो. तेवढ्या क्षणात आठ किलोच्या बाळास जागच्या जागी धरून ठेवावयाचे तर ऐंशी किलो वजन पेलण्याइतका जोर हातांत हवा. तो जोरही आधी सूचना मिळून नव्हे, तर अकस्मात लागावयास हवा. वेग दुप्पट झाला आणि चेपण्याचे अंतर तेवढेच राहिले, तर हा आकडा चौपट होऊन तीनशे वीस किलोवर जातो. पैलवानाच्या हातूनही जे व्हावयाचे नाही ते आजीच्या हातून व्हावे ही अपेक्षा कशी धरावी?

हाच हिशेब दुसऱ्या रीतीने मांडला तर अधिक चटकन पटतो. सेकंदास १० मीटर हा वेग उंचावरून पडणाऱ्या वस्तूस सुमारे पाच मीटर पडल्यावर प्राप्त होतो. म्हणजे ह्या वेगाने धावणाऱ्या मोटारीत बालकास मोकळे बसविणे हे, आघाताच्या दृष्टीने, त्यास पाच मीटर उंचीच्या कठडा नसलेल्या गच्चीच्या काठावर बसविण्यासारखे आहे. ताशी ५० किलोमीटर वेगास ही उंची दहा मीटरांच्या जवळ जाते. गच्चीवर मूल काठाशी गेले की सारे घर धावते. मोटारीत तेच मूल दोन आसनांच्या मधे उभे राहून पुढे पाहत असते आणि कोणी काही बोलत नाही. गच्चीची उंची डोळ्यांना दिसते, वेगाची उंची दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. मोटार थांबली म्हणून आतील मोकळी वस्तू थांबत नाही. जडत्वामुळे ती पूर्वीच्याच वेगाने पुढे जात राहते आणि समोरच्या कठीण पृष्ठभागावर आदळते. मोटारीस थांबावयास अर्धा मीटर मिळाला होता. बाळाच्या डोक्यास जेमतेम पाच सेंटिमीटर मिळतात. अंतर दहाव्या भागावर आल्याने मंदन दहापट, म्हणजे गुरुत्वाच्या शंभरपट होते. शिवाय आजीने स्वतः सुरक्षापट्टा बांधलेला नसेल तर तिचे साठ किलोंचे शरीर मागून बाळावर येते. एकच पट्टा दोघांभोवती मिळून बांधणे हा तर त्याहून घातक उपाय. कारण त्या स्थितीत पट्टा आणि आजी ह्यांच्यामध्ये बाळ चेपले जाते.

मग पट्टा प्रौढास वाचवितो तसा बालकास का वाचवीत नाही? बालक म्हणजे लहान मापाचा प्रौढ नव्हे. नवजात अर्भकाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या सुमारे एकचतुर्थांश असते. पूर्ण वाढलेल्या माणसाचे एकसप्तमांश ते एकअष्टमांश. एवढे जड डोके ज्या मानेवर उभे आहे तिचे मणके अद्याप पूर्ण हाडाचे झालेले नसतात. त्यांचे भाग कूर्चेने जोडलेले असतात आणि भोवतालचे स्नायू व बंध सैल असतात. प्रौढाच्या कमरेचा पट्टा ओटीपोटाच्या हाडाच्या उंचवट्यांवर अडकून बसतो आणि आघात त्या बळकट हाडावर घेतो. बालकात हे उंचवटे पुरते तयार झालेले नसतात. ते होण्यास वयाचे दहावे वर्ष तरी उजाडते. त्यामुळे पट्टा वर सरकून मऊ पोटात रुततो, आणि यकृत, प्लीहा, आतडी ह्यांना इजा होते. त्याचा वरचा भाग खांद्यावर न राहता गळ्यावर येतो. मुलास तो टोचतो म्हणून ते पट्टा काखेखाली घेते, आणि मग पट्टा असून नसल्यासारखा होतो.

आघात टाळता आला नाही तर तो शरीराच्या बळकट व रुंद भागावर पसरावा आणि थांबण्याचे अंतर वाढवावे, ह्या दोन सूत्रांवर बालकाचे आसन आधारलेले आहे. ('बालासन' हा सुटसुटीत शब्द योगाभ्यासकांनी आधीच घेतला असल्यामुळे येथे 'बालकाचे आसन' असा लांबट प्रयोग करावा लागतो.)

ह्या आसनाचा इतिहास मनोरंजक आहे. १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेत मुलांसाठी मोटारीत अडकवावयाच्या खुर्च्या विकल्या जात. परंतु मूल जागेवरून हलू नये आणि त्यास खिडकीबाहेरचे दिसावे, एवढाच त्यांचा हेतू होता. आघाताचा विचार त्यांत नव्हता. १९५९ मध्ये स्वीडनच्या व्होल्व्हो कंपनीतील अभियंता नील्स बोलिन ह्यांचा तीन ठिकाणी जखडणारा सुरक्षापट्टा मोटारीत आला आणि प्रौढांचा प्रश्न बराचसा सुटला. बालकांच्या प्रश्नास स्वीडनच्याच बेर्टिल आल्डमान ह्यांनी हात घातला. अमेरिकेच्या जेमिनी यानातील अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी अंगाच्या आकाराच्या आसनात पाठीवर पडून राहतात व त्यामुळे प्रचंड त्वरणाचा भार साऱ्या पाठीवर वाटला जातो, हे त्यांनी पाहिले. मग बाळाची पाठ मोटारीच्या दिशेस का करू नये? १९६४ मध्ये त्यांनी मागे तोंड करून बसविण्याच्या आसनाचा पहिला नमुना तयार केला. समोरून धडक बसली की अशा आसनात बाळाचे डोके, मान व पाठ एकाच वेळी आसनाच्या पाठीत रुतते. मानेस एकटीला डोक्याचा भार ओढावा लागत नाही. सहा दशके लोटली तरी ह्या कल्पनेहून सरस कल्पना पुढे आलेली नाही.

कल्पना सापडली तरी तिचा कायदा होण्यास वेळ लागला. अमेरिकेतील टेनेसी राज्यात डॉ. रॉबर्ट सँडर्स ह्या बालरोगतज्ज्ञांच्या खटपटीने १९७७ मध्ये पहिला कायदा संमत झाला आणि १ जानेवारी १९७८ पासून चार वर्षांखालील बालकांस तो लागू झाला. पण विधिमंडळाने त्यात एक पळवाट ठेवली : मूल मोठ्या माणसाच्या हातांत असेल तर आसन नसले तरी चालेल! म्हणजे ज्या समजुतीविरुद्ध कायदा व्हावयाचा होता तिलाच कायद्यात जागा मिळाली. हे कलम काढून टाकण्यास १९८१ उजाडावे लागले. १९८५ पर्यंत अमेरिकेच्या सर्व राज्यांत असे कायदे झाले. मांडीवरचा विश्वास केवळ आपल्याकडचा नव्हे, हे ह्यावरून दिसून येईल.

कायदा काय सांगतो

भारतात १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमात २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली. तीत घातलेले कलम १९४ ब हे बालकांच्या दृष्टीने महत्त्वाचे. त्याच्या दुसऱ्या पोटकलमाचा आशय असा : चौदा वर्षे पुरी न झालेले मूल सुरक्षापट्ट्याने किंवा बालकांसाठी असलेल्या बंधनव्यवस्थेने सुरक्षित केलेले नसता जो कोणी मोटार चालवील, किंवा चालवावयास लावील वा चालवू देईल, तो एक हजार रुपये दंडास पात्र होईल. जबाबदारी मुलावर वा त्यास मांडीवर घेणाऱ्यावर टाकलेली नाही. ती चालकावर व मोटार चालवू देणाऱ्यावर आहे. असे काही गुन्हे जागच्या जागी तडजोडीने मिटविण्याची रक्कम ठरविण्याचा अधिकार राज्य शासनांस असल्यामुळे प्रत्यक्षात भरावा लागणारा आकडा राज्याराज्यांत वेगळा असू शकतो. महाराष्ट्र व कर्नाटक अशा दोन्ही राज्यांतून जाणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे की आकडा बदलला तरी कलम दोन्हीकडे तेच आहे.

मागे बसणाऱ्यास पट्टा नको, हाही एक रूढ भ्रम. केंद्रीय मोटार वाहन नियमांपैकी १३८ वा नियम पुढे तोंड असलेल्या मागील आसनांवरील माणसांनाही पट्टा सक्तीचा करतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री व त्यांच्या शेजारी मागील आसनावर बसलेले गृहस्थ मृत्यू पावले. पुढे बसलेले दोघे जखमी होऊन वाचले. मागील दोघांनी पट्टे बांधले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. त्याच वर्षी देशात पट्टा न बांधल्यामुळे १६,७१५ माणसे दगावल्याची नोंद केंद्र शासनाच्या अहवालात आहे. त्यांपैकी ८,३३१ प्रवासी होते.

आता कलम १९४ ब पुन्हा नीट वाचावे. 'सुरक्षापट्ट्याने किंवा बंधनव्यवस्थेने' असे त्यात म्हटले आहे. ह्या 'किंवा'मुळे चार वर्षांच्या मुलास प्रौढांचा पट्टा बांधला तरी कायद्याचे अक्षर पाळले जाते. परंतु तो पट्टा चार वर्षांच्या शरीरास कसा बाधतो हे वर आलेच आहे. युरोपात आसनाची सक्ती उंचीशी जोडलेली आहे : १५० सेंटिमीटर उंचीपर्यंत, आणि एखाद्या देशाने ठरविल्यास १३५ सेंटिमीटरपर्यंत, मुलास त्याच्या मापाचे आसन द्यावे लागते. भारतीय कायदा वय मोजतो, शरीर मोजत नाही. ही त्यातील उणीव होय, आणि ती भरून निघेपर्यंत पालकांनी कायद्यास किमान मर्यादा मानून शरीराचे माप घेणे भाग आहे.

दुचाकीबद्दल चार शब्द आवश्यक आहेत, कारण मोटार असलेल्या घरातही बाळास शिशुवर्गात सोडावयाचे काम बहुधा स्कूटरच करते. चार वर्षांवरील प्रत्येकास शिरस्त्राण सक्तीचे आहे. चार वर्षांखालील मुलांसाठी फेब्रुवारी २०२२ मध्ये नियम प्रसिद्ध होऊन १५ फेब्रुवारी २०२३ पासून अमलात आला. त्यानुसार मूल एका जाकिटासारख्या पट्ट्यांच्या बंधाने चालकास जखडलेले असावे, हा बंध तीस किलोंपर्यंत भार पेलणारा असावा, नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाच्या डोक्यास नेमके बसणारे शिरस्त्राण असावे, आणि गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा अधिक नसावा. स्कूटरच्या पुढील फळीवर उभे असलेले मूल ह्यांपैकी एकाही अटीत बसत नाही.

आसनाची निवड

दुकानात गेल्यावर प्रथम रंग व गादी दिसते. पाहावयाची असते ती चिठ्ठी. आसनाच्या पाठीमागे किंवा खाली प्रमाणनाची चिठ्ठी चिकटविलेली असते. भारतीय मानक एआयएस-०७२ हे संयुक्त राष्ट्रांच्या ४४ क्रमांकाच्या नियमास जवळचे आहे. ४४ क्रमांकाच्या नियमात आसनांचे गट वजनावर पाडले आहेत : जन्मापासून १३ किलोंपर्यंत, ९ ते १८, १५ ते २५, आणि २२ ते ३६ किलो. त्याची चिठ्ठी नारिंगी असते आणि मान्यता क्रमांकाचा आरंभ ०३ किंवा ०४ ने होतो. २०१३ पासून आलेला १२९ क्रमांकाचा नियम वजनाऐवजी उंचीवर आधारलेला आहे. तो पंधरा महिने पुरे होईपर्यंत मागे तोंड करून बसविणे बंधनकारक करतो आणि बाजूने बसणाऱ्या धडकेचीही परीक्षा घेतो. दोन्हींपैकी निवड करता येत असेल तर १२९ श्रेयस्कर. जे आसन कोणत्याही मानकाचा उल्लेख करीत नाही ते कितीही सुबक असले तरी ते लहान खुर्चीच होय.

वय विचारून आसन देणाऱ्या विक्रेत्यास मुलाचे वजन व उंची सांगावी. मूल वर्षाचे झाले की त्याचे तोंड पुढे वळविण्याची घाई पालकांस फार असते, कारण बाळाचे पाय मागील आसनास टेकू लागतात आणि ते अवघडल्यासारखे दिसते. पाय मुडपले तर मुलास त्रास होत नाही. मांडी घालून बसणाऱ्या समाजास हे सांगावयास नको. आसनाची वजन वा उंचीची मर्यादा संपेपर्यंत तोंड मागेच राहू द्यावे, हा अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा २०१८ चा सल्ला आहे. त्यानंतर पाच पट्ट्यांचे, पुढे तोंड असलेले आसन. आणि तेही अपुरे पडू लागले की मुलास उंच करून मोटारीचाच पट्टा खांद्याच्या मध्यावर व मांड्यांवर नीट बसविणारी पाठीची बैठक, असा क्रम आहे. मूल मागील आसनाच्या पाठीस टेकून बसले असता त्याचे गुडघे गादीच्या कडेशी वाकत असतील, पट्टा गळ्यास न लागता खांद्यावरून जात असेल, आणि कमरेचा पट्टा पोटावर न चढता मांड्यांच्या वरच्या भागावर राहत असेल, तर बैठक सोडावी, एरवी नाही.

उत्तम आसनही सैल बसविले तर कुचकामी ठरते. अलीकडच्या अनेक मोटारींत मागील आसनाची गादी व पाठ ह्यांच्या फटीत २८० मिलिमीटर अंतरावर पोलादी कड्यांची जोडी असते. तिला आयसोफिक्स म्हणतात. आसनाचे दोन आकडे तीत खटकन बसतात, आणि वरचा पट्टा किंवा खालचा पाय त्यास उलटू देत नाही. कड्या नसतील तर मोटारीच्या पट्ट्याने आसन बांधावे, त्यावर गुडघ्याचा भार देऊन पट्टा ताणावा, आणि बांधल्या जागी धरून हलवून पाहावे; बोटभराहून, म्हणजे अडीच सेंटिमीटरहून, अधिक हलता कामा नये. बाळाचे खांद्याचे पट्टे तोंड मागे असताना खांद्याच्या पातळीस किंवा किंचित खाली, आणि तोंड पुढे असताना खांद्याच्या पातळीस किंवा किंचित वर असावेत. खांद्याशी पट्ट्याची चुणी चिमटीत धरता आली तर तो सैल आहे. दुपटे, कुंची, शाल हे सारे पट्टा बांधल्यानंतर वरून पांघरावे. आधी गुंडाळून मग बांधले तर धडकेच्या वेळी कापडाचा फुगवटा दबतो आणि पट्टा आपोआप सैल होतो. उन्हात उभ्या राहिलेल्या मोटारीत पट्ट्याची धातूची कडी हाताने चाचपून मगच बाळास बसवावे. आणि थांबल्यावर बाळ झोपले आहे म्हणून त्यास बंद मोटारीत क्षणभरही सोडू नये.

आसनाची जागा मागेच. पुढील आसनासमोर, ज्यास सर्वत्र एअरबॅग म्हणतात, ती हवेची पिशवी असते. नव्या मोटारींत चालकाशेजारच्या प्रवाशासाठीही ती २०२१ पासून सक्तीची झाली. ती सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत फुगते, आणि प्रौढाच्या छातीचा अंदाज घेऊन योजलेली असते. मागे तोंड केलेले आसन तिच्यासमोर ठेवले तर ती थेट बाळाच्या डोक्यामागे आपटते. म्हणून फुगणाऱ्या पिशवीसमोर असे आसन कधीही ठेवू नये. मोठ्या मुलांसही ती निरुपद्रवी नाही. डिसेंबर २०२४ मध्ये नवी मुंबईतील वाशी येथे वडिलांबरोबर पुढील बाजूस बसलेला सहा वर्षांचा मुलगा ही पिशवी उघडल्यामुळे दगावला. बाहेर खाऊ खावयास निघालेले ते कुटुंब होते.

ह्या साऱ्याचा उपयोग किती? योग्य आसनामुळे बालकांचे मृत्यू सुमारे ६० टक्क्यांनी कमी होऊ शकतात असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते. भारतात ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर झालेल्या भारत एनकॅप योजनेत मोटारीच्या परीक्षेच्या वेळी दीड व तीन वर्षांच्या मुलांच्या मापाच्या बाहुल्या आसनात बांधून ताशी ६४ किलोमीटर वेगाने धडक दिली जाते, आणि बालकांच्या संरक्षणास स्वतंत्र गुण मिळतात. मोटार घेताना रंग व मैलाची सरासरी विचारणाऱ्याने हे गुणही विचारावेत.

राहिला खर्च. आसन स्वस्त नाही, आणि मूल ते थोड्या वर्षांत ओलांडते. म्हणून नात्यागोत्यात पाळणा फिरतो तसे आसन फिरविण्याकडे कल असणे साहजिक आहे. घरच्याच माणसाने वापरलेले, ज्याचा इतिहास पुरता ठाऊक आहे, ज्याच्या बुंध्यावर कोरलेली मुदत संपलेली नाही, आणि ज्याची चिठ्ठी व माहितीपुस्तिका शाबूत आहे असे आसन घेण्यास हरकत नाही. अनोळखी माणसाकडून घेऊ नये. कारण एकदा जोराची धडक सोसलेल्या आसनाच्या प्लॅस्टिकातील तडा वरून दिसत नाही. असे आसन मोडीत टाकतानाही त्याचे पट्टे कात्रीने कापून मग टाकावे, म्हणजे दुसरा कोणी ते उचलून आपल्या मुलासाठी मोटारीत बसविणार नाही.